थोरलीचा मान

धाकटी आरशासमोर केस विंचरत होती आणि सासूबाई चपला घालून दारात तिची वाट बघत होत्या. थोरली सून भाजी चिरायची थांबली.

"कुठे निघालात?"

"इथेच," सासूबाई म्हणाल्या. धाकटीने नुसतं खाली बघितलं.

इथेच जायला कुणी इस्त्रीचे कपडे घालतं का? थोरलीचा तिळपापड झाला. या घरात सून म्हणून ती आधी आली होती. नवं कपाट आलं, तेव्हा वरचा कप्पा तिने घेतला. धाकटीला एक मिळालं की आपल्याला दीड मिळायला हवं, असा तिचा साधा न्याय होता. धुणं मात्र तिने आल्याआल्या धाकटीच्या गळ्यात घातलं. त्यानंतर साधा हातरुमालही ती धाकटीकडेच टाकी.

दोघी संध्याकाळी हसत परतल्या आणि थोरलीला बघताच गप्प झाल्या. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. थोरलीला घास गोड लागेना. सासूबाईंनी हिला गुपचूप काय दिलं असेल? घर तर हिच्या नावावर करत नसतील? मन चिंती ते वैरी न चिंती. शेवटी तिने धाकटीला स्वयंपाकघरात गाठलंच.

"दवाखान्यात गेलो होतो," धाकटी म्हणाली. "बायकांची तपासणी असते ना, गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरची. फुकट असते. आई म्हणाल्या, थोरलीला कशाला सांगायचं, तिला नको असतं ते."

थोरलीला ती तपासणी चांगली ठाऊक होती. तेच सांगायला आलेल्या नर्सला तिने उंबऱ्यावरूनच वाटेला लावलं होतं. मला काय धाड भरलीये, असं वर ऐकवलंही होतं. पाळी नसताना मधेच दिसणाऱ्या डागाबद्दल ती कुणाजवळ चकार शब्द बोलली नव्हती. तिला भीती वाटत होती. पण सासूबाईंनी धाकटीला हाताला धरून न्यावं आणि आपल्याला विचारूही नये, ही जळजळ त्या भीतीहून मोठी निघाली.

"सून मी आधीची आहे," ती म्हणाली. "उद्या मला न्यायचं. आणि बसने नाही, गाडी करून."

गाडी केली. दवाखान्यात पडद्यामागे थोरली मुठी आवळून पडली होती. नर्स म्हणाली, "अंग सैल सोडा." थोरली अंग सैल सोडते तोवर काम उरकलंही.

काही दिवसांनी पुन्हा बोलावणं आलं. आत पेशी बदलायला लागल्या होत्या. अजून कॅन्सर नव्हता, पण तसंच सोडलं असतं तर पुढे होऊ शकला असता. डॉक्टरीणबाईंनी तेवढा भाग काढून टाकला आणि घरी जाऊन आराम करायला सांगितलं.

धाकटी चहा घेऊन आली, तेव्हा थोरली भिंतीकडे तोंड करून पडली होती.

"तुझं काय निघालं गं?" तिने विचारलं.

"माझं कुठे काय? त्या दोन्ही वेळा मी आणि आई बाहेरच्या बाकावर बसून गप्पा मारत होतो."

थोरली उठून बसली.

"सरळ चला म्हटलं असतं, तर आला असता का?" धाकटी म्हणाली. "सगळं धुणं माझ्यावर टाकता, ताई, आणि एक परकर तेवढा पहाटे उठून स्वतः धुता. रोज दोरीवर बघत होते. मग आईंना सांगितलं."

थोरलीच्या डोळ्यांत पाणी आलं. या पोरीचा आपण किती राग राग केला, हे आठवून तिला स्वतःचीच लाज वाटली. तिने उलट्या हाताने डोळे पुसले.

"म्हणजे माझ्यापायी तू नुसते हेलपाटे घातलेस. तुझी तपासणी राहिलीच की."

"नाही हो. तुम्ही त्या नर्सला घालवलंत ना, तेव्हाच तिला मी कोपऱ्यावर गाठलं. माझी गेल्या वर्षीच झाली."

थोरलीचा हात डोळ्यांवरच थांबला.

"माझ्या आधी?"