आशा असणाऱ्यांना प्रवेश नाही

निरुपमाने मनगट पुढे केलं आणि पहारेकरी कांतारामने त्यावर आशामापकाची पट्टी बांधली. डोंगराखालच्या प्रयोगशाळेत आज न्यूट्रिनो या अतिहलक्या कणाचं वजन ठरणार होतं आणि तो आकडा वाचायचा मान तिचा होता. पण उत्तराची आस धरणाऱ्याच्या हातून आकडा नकळत हव्या त्या बाजूला झुकतो, म्हणून अशा माणसाला आत सोडायचंच नाही, असा नियम होता.

काटा शून्यावरून हलला नाही.

"आशा मारायची गोळीबिळी घेतलीत का, मॅडम?" कांतारामने डोळे बारीक केले. "तेवीस वर्षं या आकड्यामागे आहात, आणि आज शून्य?"

गोळी घेतली नव्हती, म्हणूनच ती धास्तावली; आपली आशा खरंच संपली की काय? "यंत्र बिघडलंय तुमचं. स्वतःला लावून बघा."

त्याने लावलं. काटा ताडकन तांबड्या घरात गेला.

"तुम्हाला हो कसली आशा?"

"वा! इतकी वर्षं दारात बसून मान मोडली. हलकं हलकं म्हणता, ते किती हलकं, कळायला नको?" तो ओशाळला. "बायको रोज विचारते, झालं का मोजून?"

निरुपमाला हसू आलं. "आज पहिलं तुम्हालाच सांगते."

पट्टी सुटली की तपासणी नव्याने करायची, हाही नियमच. त्याने ती पुन्हा तिच्या मनगटावर बांधली. काटा थरथरला आणि सावकाश तांबड्या घरात जाऊन बसला.

"आता नाही सोडता येणार, मॅडम," तो हळूच म्हणाला.

"नकाच सोडू," ती म्हणाली आणि त्याच्या बाकाशी आली. "सरका जरा."