कानसेनांचा कौल

"वहिनी, आज नागडीच आणलीस का रेकॉर्ड?" दातांच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं आणि सगळे हसले.

फ्रेमवालीने तिकडे काणाडोळा केला. तबकडीला खरंच कव्हर नव्हतं. साध्या खाकी कागदात गुंडाळून आणली होती. आज नणंदेच्या नादी लागायचं नाही, असं ती घरूनच ठरवून निघाली होती. आणखीही एक ठरवलं होतं, ते मात्र कुणाला सांगितलं नव्हतं. आज "न्या परत" ऐकावं लागलं, तर पुढच्या रविवारपासून इथे पाऊल टाकायचं नाही.

ठरवताना तिला रडू आलं होतं. रविवारची दुपार तेवढी तिची स्वतःची होती. बाकी सगळा आठवडा फ्रेमच्या दुकानाचा, घराचा आणि सासऱ्यांच्या औषधांचा.

मंडळाची रीत साधी होती. नणंदेचा दवाखाना बंद असताना बाहेरच्या खोलीतल्या खुर्च्या गोल मांडायच्या आणि एकाने असा अल्बम आणायचा, जो बाकी कुणी ऐकलेला नाही. एक बाजू पूर्ण वाजवायची. मग कानसेन कौल देणार, "ठेवा" किंवा "न्या परत". ठेवलेला अल्बम भिंतीवरच्या फळीवर जायचा आणि आठवडाभर दाढ धरून बसलेल्यांना ऐकवला जायचा. फळीवर नणंदेचे अल्बम होते, बसड्रायव्हरचे होते, परवा परवा आलेल्या पोस्टमनचाही एक होता. फ्रेमवालीचा एकही नव्हता.

कानसेन म्हणजे जन्मभर फोटोचा स्टुडिओ चालवून निवृत्त झालेले गृहस्थ. तानसेन होता आलं नाही तर निदान कानसेन व्हावं म्हणतात, म्हणून ड्रायव्हरने ते नाव पाडलं आणि ते चिकटलं. ते स्पीकरकडे पाठ करून बसत. "गाणं पाठीतून शिरलं पाहिजे," म्हणत. गाणं चालू असताना कुणी बोललेलं त्यांना खपत नसे. नंतरही एकेकाने बोलायचं, तेही समोर येऊन. मागून कुणी काही विचारलं तर ढुंकून बघत नसत. मोठ्या माणसाचे नखरेही मोठे, असं म्हणून सगळे सोडून देत. त्यांची बायको शेजारी विणत बसायची आणि तबकडीची बाजू संपली की सुया खाली ठेवायची.

पण कौल कधी चुकला नव्हता. कानसेनांनी ठेवलेला अल्बम एकूण एक माणसाला आवडलेला असायचा.

"कुणी सुचवला हा?" ड्रायव्हरने विचारलं.

"गिऱ्हाईक होत्या एक आजी. कव्हर फ्रेम करायला घेऊन आल्या. म्हणाल्या, चित्र माझ्या भिंतीवर राहू दे, रेकॉर्ड तू ने. माझं मशीन मोडलं, पण हे गाणं पडून राहायला नको."

"गातं कोण?"

"दोघी बहिणी. भाषा नाही कळत."

"म्हणजे आनंदच आहे," नणंद म्हणाली आणि तिने सुई टेकवली.

आजवर फ्रेमवालीने अल्बम आणले ते जाणकारांना विचारून, मासिकं धुंडाळून. आणि प्रत्येक वेळी अख्खी बाजू ती कानसेनांच्या भुवयांकडे बघत बसली होती. भुवई हलली की "न्या परत" येणार असं वाटायचं, नाही हलली तरी तेच.

आजही सुरुवातीला तिने तेच केलं. मग थोरल्या बहिणीने एक ओळ अर्ध्यातच सोडली आणि धाकटीने ती अलगद उचलली. दुकानात ही जागा पहिल्यांदा ऐकली तेव्हा हातातली काच कापायची राहून गेली होती. आता भुवया बघायच्या राहून गेल्या. कानसेन कुठे बसलेत, नणंद काय म्हणेल, फळीवर जागा आहे की नाही, कशाचीच तिला शुद्ध राहिली नाही. तिचे डोळे मिटले. हनुवटीवरून पाणी ओघळत होतं, तेही तिने पुसलं नाही.

कानसेनांच्या बायकोने सुया खाली ठेवल्या.

ड्रायव्हरचं तोंड उघडंच होतं. कानसेन बराच वेळ फ्रेमवालीकडे बघत राहिले. मग गुडघ्यावर हात टेकून उठले, स्वतः जाऊन तबकडी उचलली आणि फळीवर अगदी पहिली ठेवली, नणंदेच्या अल्बमच्याही आधी.

"ठेवा," ते म्हणाले. "या खोलीत असं गाणं आजवर झालं नव्हतं."

मग एकच गलका झाला. ड्रायव्हरने खुर्चीवर ताल धरला, पोस्टमनने शिट्टी मारली. नणंदेने तोंड वाकडं केलं, पण दुसऱ्याच क्षणी येऊन तिला कडकडून मिठी मारली. "जिंकलीस गं बाई! आता आठवडाभर तुझंच ऐकत दाढा उपटते." फ्रेमवाली हसत होती, रडत होती. इतका आनंद तिला लग्नातही झाला नव्हता, आणि तसं तिने सगळ्यांसमोर सांगूनही टाकलं.

कानसेन जिना उतरायला लागले तशी ती मागोमाग धावली.

"काका! एकच सांगा. माझ्या आधीच्या अल्बममध्ये काय कमी होतं?"

ते उतरतच राहिले. तिने जिन्याच्या कठड्यावरून वाकून आणखी मोठ्याने विचारलं. कानसेनांनी मान वळवली नाही. वळली ती त्यांची बायको. दोन पायऱ्या वर येऊन तिने फ्रेमवालीचा हात धरला.

"ओरडू नकोस गं. तुमचं मंडळ सुरू व्हायच्या आधीच त्यांचे दोन्ही कान गेलेत. तुमचे चेहरे बघून कौल देतात ते, आणि तुझा चेहरा गाणं ऐकताना त्यांना आज पहिल्यांदा दिसला."