झाकणभर दवा

भाताच्या रोवणीच्या बांधीत प्रेमिलाचे हात झपाझप चालत होते. कडेच्या धुऱ्यावर, मोहाच्या झाडाला बांधलेल्या झोळीत तिचा वर्षाचा सूरज सकाळपासून एकदाही रडला नव्हता.

"नाई रडाचा तो," शेजारी रोवणाऱ्या सासूनं सांगितलं. "सर्दी होती म्हनून झाकणभर मोहाची दारू पाजली त्याले."

प्रेमिलाच्या हातातली रोपं चिखलात पडली. "घरून निंगताना मी भी पाजली ना."

दोघी चिखल तुडवत झोळीकडे धावल्या. सहा वर्षांची रिंकू भावाला झोका देत होती.

"हळू बोला, जागा होईन तो," ती कुजबुजली. "खोकलत होता, म्हनून मी भी दवा देल्ली. बाटलीचं झाकण नाई सापडलं, मंग वाटीनं पाजली."