आधी रेघ

सात वर्षांत वसुलीवाले पाच झाले, म्हातारीचं उत्तर एकच राहिलं. "मेल्यांनो, मी जन्मभर अंगठा उठवत आले. कर्जाच्या कागदावर सही आहे म्हणता, मग ती माझी कशी? आधी कागद दाखवा." हल्ली एवढं बोलतानाही तिला धाप लागायची.

पाचवा मात्र खरंच कागद घेऊन आला. जिने चढून बिचारा घामाघूम झाला होता. "जिंकलात आजी. साहेबांना तुमचं पटलंय. सही खोटी आहे, एवढ्या तक्रारीवर अंगठा द्या, तुम्ही सुटलात. ज्याने केली त्याचं पुढे पोलीस बघतील."

म्हातारीने चष्मा पुसून कर्जाच्या कागदावरची सही डोळ्यांजवळ धरली. अक्षरं तिला वाचता येत नव्हती, पण अक्षरांवरची रेघ तिने ओळखली. नाव संपलं तरी ती बोटभर पुढे गेली होती. तिचा पोरगा शाळेत असल्यापासून आधी रेघ ओढायचा आणि मग दोरीवर कपडे वाळत घालावेत तशी तिच्याखाली अक्षरं टांगायचा. मास्तरांचा मार खाऊनही ती खोड गेली नव्हती.

"कोण आलंय गं आई?" आतून मुलाने विचारलं.

"कोणी नाही. जेव तू." मग ती हळूच वसुलीवाल्याला म्हणाली, "सही माझीच आहे रे बाबा."

"अहो आजी, तुम्हाला कुठे सही येते?"

"तेव्हा येत होती, आता विसरले. तो तक्रारीचा कागद ठेव आत, हप्त्यांचा काढ," म्हणत तिने अंगठा पुढे केला.