बाकी सगळं तसंच

"अजूनही डल आहे, आई," कादंबरी म्हणाली. गिटार तिच्या मांडीवरच होती.

रेणूने सोल्डरिंगची सळई स्टँडमध्ये ठेवली. डायनिंग टेबलावर जुनी चादर अंथरली होती. तिच्यावर स्क्रू, वायरचे तुकडे आणि गिटारमधून काढलेला जुना पिकअप पडला होता. कादंबरीची धाकटी बहीण अंतरा आठ वर्षांची होती. तिने तो उचलला आणि हे काय असतं, असं विचारलं. रेणूने एक टाचणी त्याच्याजवळ नेली. ती टपकन चिकटली. आत चुंबक आहे, रेणूने सांगितलं, आणि त्याच्याभोवती केसाहून बारीक तांब्याची तार गुंडाळली आहे. वर गिटारची तार थरथरली की याला कळतं, आणि हा ते विजेतून अँपला, आवाज मोठा करणाऱ्या पेटीला, कळवतो.

"म्हणजे हा गिटारचा कान," अंतरा म्हणाली.

रेणूला हे आवडलं. तिने अंतराच्या डोक्यावर टपली मारली.

येत्या शनिवारी वूस्टरला एका मेटल बँडची ऑडिशन होती. त्यांचा गिटारिस्ट कॅलिफोर्नियाला शिकायला गेला होता आणि त्याची जागा कादंबरीला हवी होती. वर्षभर तिने दुसरा विषय काढला नव्हता. शाळेतून आली की ती बेसमेंटचं दार लावून घ्यायची आणि जेवायला हाक मारेपर्यंत वाजवत बसायची. पण हल्ली आवाजाला धार राहिली नव्हती. सगळं जाड पांघरुणाखालून आल्यासारखं वाटतं, असं ती म्हणायची. तिच्याबरोबर ड्रम वाजवणारा राज मात्र उलट सांगत होता, की तुझा आवाज सुईसारखा टोचतो. ड्रमरला कान असतात कुठे, असं सुनावून तिने त्याला गप्प केलं होतं.

रेणूची नोकरी सर्किट बोर्ड तपासण्याची. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं तसंच ठेवायचं, मग दोष कुठे आहे ते आपोआप कळतं. हे तिने लेकीलाही शिकवलं होतं. म्हणून केबल तीच, अँप तोच, अँपच्या बटणांवर खुणेची चिकटपट्टी, वाजवायचे सूर तेच. ऐकणारीही तीच, कारण मेटलमधलं घरात तिलाच कळत होतं.

पहिला नवा पिकअप डल ठरला. दुसरा त्याच्याहून जोरकस होता. आत्ता कादंबरी बेसमेंटमध्ये जाऊन तो वाजवून आली तेव्हा वर बसलेल्या रेणूची दाढ ठणकली होती आणि अंतराने दोन्ही कानांवर हात घेतले होते. मेटल असंच असतं, असं रेणू धरून चालली होती.

आता तिसरा उरला. हा वेगळ्या प्रकारचा होता, त्याला चौकोनी बॅटरी लागायची. घरात तसली नव्हती. रेणू म्हणाली, बेसमेंटच्या स्मोक डिटेक्टरमध्ये, त्या धुराच्या गजरात, तीच असते, टेस्टपुरती काढू आणि संध्याकाळी नवी आणून लावू.

"ती संपलीय," अंतरा म्हणाली. "बॅटरी संपली की ओरडतो ना, तसा तो कधीचा ओरडतोय."

"कोण ओरडतोय?" कादंबरीने विचारलं.

"डिटेक्टर. तुझ्या डोक्यावरच तर आहे, ताई. चीं करतो, थांबतो, परत चीं करतो. मी सांगितलं होतं तुला. तू म्हणालीस, स्टॉप मेकिंग थिंग्ज अप."

कादंबरी हसली. "मी रोज तिथे बसते, अंतरा. आय वुड नो."

रेणूने सळईचा प्लग काढला आणि ती उठली.

जिना उतरताना ती मनात पुन्हा सगळं तपासत होती. केबल तीच. अँप तोच. ऐकणारी तीच.

बेसमेंटच्या भिंतींवर जाड ब्लँकेट लटकवली होती. कादंबरीच्या छातीएवढा उंच अँप मध्ये उभा होता, आणि त्याला जवळजवळ चिकटून तिचं स्टूल. कार्पेटवर स्टुलाच्या पायांचे खळगे पडले होते. त्याच्या बरोबर वर, छताला, डिटेक्टर. रेणू शेवटच्या पायरीवर पोहोचली आणि तो वाजला. बारीक, कर्कश, एकदाच. रेणूची मान आपसूक वर गेली.

"बघ," अंतरा म्हणाली.

"काय बघ?" मागून उतरणारी कादंबरी म्हणाली. "आई, या पिकअपला बॅटरी मागच्या बाजूनं बसवतात ना?"

रेणूने कोपऱ्यातलं ओलावा शोषणारं डीह्युमिडिफायर बंद केलं. त्याची घरघर थांबली. बेसमेंट इतकं शांत झालं की वरच्या फ्रिजची गुणगुण ऐकू यायला लागली.

"इथे उभी राहा," ती म्हणाली. "परत होईल."

कादंबरी डिटेक्टरखाली उभी राहिली. अजून तिच्या तोंडावर हसू होतं. अंतराला खोटं पाडायचं म्हणून तिने मान वर केली, केस कानांमागे सारले.

डिटेक्टर वाजला.

अंतराने आईकडे पाहिलं. तिचं तोंड उघडलं होतं, पण रेणूने तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो दाबून धरला.

कादंबरीने दोघींकडे पाहिलं. मग छताकडे. मग पुन्हा आईच्या चेहऱ्याकडे. तिचं हसू गेलं. तिने ओठांवर बोट ठेवलं.

"श्श," ती म्हणाली. "कोणी बोलू नका ना. मला ऐकू दे."

आणि श्वास रोखून, मान वर करून, ती वाट पाहत राहिली.