भिंतीवरची सेरेस

प्रेरणानं नागपूरच्या जुन्या बाजारातून आणलेलं छापील चित्र बैठकीत लावलं.

"ही सेरेस, आई. रोमन लोकांची पिकांची देवी."

सासूबाईंनी, शामकलाबाईंनी, देवीच्या हातातला विळा निरखून पाहिला.

"मंग भिंतीवर काऊन उभी आहे? आपल्या बांधीत धान पिकून उभं आहे, आभाळ भरून राहिलं, अन् कापाले माणूस भेटून नाही राहिला."

लग्न झाल्यापासून प्रेरणा कधी बांधीत उतरली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र ती पदर खोचून सासूशेजारी कापणीला वाकली. तिच्या हातातला उलटा विळा पाहून शामकलाबाई पोट धरून हसत बांधावर बसल्या.

"अवं माय, विळा तरी तुया सेरेसवानी धर!"