पुढच्या भेटीत सांगते

“ताई, तुम्ही किती दिवस टिकणार?”

तिने विचारून टाकलं एकदाचं. ‘तोंडावर विचारलंस तर मानलं तुला,’ अशी पैजच लावली होती मैत्रिणींनी. पालिकेच्या बालकल्याण विभागातून तिला घरी भेटायला येणाऱ्या ताया टिकत नाहीत, हे अख्ख्या वर्गाला ठाऊक होतं. तीच तर रंगवून सांगायची. एक बँकेत गेली, एक परदेशी, एक इतकी थकली की घरीच बसली. मैत्रिणींनी हिचं नाव ठेवलं ‘कडू औषध’. जो घेतो तो पळतो. आणि ही महामाया ते नाव मिरवायची!

नवी ताई आली की ही मुरलेल्या हेडक्लार्कसारखी तिलाच शिकवायची. “त्या खुर्चीत नको, डुगडुगते. आता तुम्ही विचारणार, जेवतेस का, झोपतेस का. दोन्ही जरा जास्तच.” शेवटचा प्रश्न मात्र ठरलेला असायचा. ज्या काका-काकूंनी तुला सांभाळायला आणलंय, त्यांनी तुला दत्तक घ्यावं का?

त्यावर हिचंही ठरलेलं. “पुढच्या भेटीत सांगते.”

पुढच्या भेटीला ताई नवी. मग पुन्हा ग म भ न पासून. काय ती अक्कल! ती स्वतःच स्वतःची पाठ थोपटून घ्यायची. खरं कारण तिने मैत्रिणींनाही सांगितलं नव्हतं. आपण हो म्हणायचं आणि मग काका-काकूंचाच विचार बदलला, तर? त्यापेक्षा लोंबकळलेलं बरं.

आजची ताई हसली नाही, रागावलीही नाही.

“टिकतेय कसली! आज माझा शेवटचा दिवस.”

“अहो, पण आपली पहिलीच भेट ना?”

“पहिली आणि शेवटची. इतकी मुलं दिलीत माझ्याकडे की एकाचंही धड होत नाही. म्हटलं, जाता जाता एकाचं तरी मार्गी लावू. तेव्हा पुढची भेट नाही, बाळा. आत्ताच सांग.”

इतक्या जणींवर चाललेलं वाक्य पार बोथट झालं.

“माझ्यामुळे जाताय?”

“तुझ्यामुळे? अगं, ऑफिसात तुझं नावसुद्धा कुणाला नीट आठवत नाही.”

झालं! कडू औषधाची पार साखरेची गोळी झाली.

“मग आधी त्यांना विचारा ना,” ती पुटपुटली. “काका-काकूंना.”

“विचारलं की. प्रत्येक नव्या ताईला त्यांनाही नव्याने विचारावंच लागतं. तुला काय वाटलं, तुझ्या एकटीचीच परीक्षा होते? फाइलीत आहे, प्रत्येकीला दोघांनी तेच सांगितलंय. आमचं हो आहे, तिला घाई करू नका.”

स्वतःला शहाणी समजणाऱ्या मुलीला एवढी साधी गोष्ट सुचली नव्हती. ताया बदलत राहिल्या, आणि आतली दोन माणसं दर वेळी तिला नव्याने मागत राहिली.

ती उठली, ताईच्या कानात एकच शब्द बोलली आणि स्वयंपाकघराच्या दाराशी गेली. काका कोरडा कप पुसत होते. काकू उघड्या फ्रिजमध्ये काहीतरी शोधत असल्याचं नाटक करत होत्या. तिच्या मनात जोरदार भाषण तयार होतं. तोंडातून आलं एवढंच :

“आई, बाबा, मी हो म्हटलंय. आता तुमची सुटका नाही.”